काचेचा धागा ऐकतो तेव्हा

१८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, अटलांटिकच्या तळाखाली ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. युरोप आणि अमेरिकेला जोडणाऱ्या तारायंत्राच्या केबली त्या भागातून गेलेल्या होत्या. केंद्राजवळच्या केबली धक्क्यासरशी तुटल्या, त्यात नवल नव्हतं. पण त्यानंतर दक्षिणेकडच्या, अधिकाधिक खोल पाण्यातल्या केबली एकामागून एक तुटत गेल्या आणि हे सत्र तेरा तास चाललं. तार तुटली की संदेश थांबतो. त्यामुळे कुठली केबल किती वाजता गेली याची नोंद तार कंपन्यांच्या दप्तरात आपसूक झाली. पुढे १९५२ मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग या शास्त्रज्ञांनी त्या वेळा नकाशावर मांडल्या आणि तळाशी काय घडलं ते उलगडलं. भूकंपानं समुद्रातल्या उतारावरचा गाळ सुटला होता. गाळाचा तो लोंढा खोल समुद्राकडे धावत गेला आणि वाटेतली प्रत्येक केबल तोडत गेला. त्यांच्या हिशेबानं उतारावर त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास होता. समुद्राच्या तळाशी असं काही घडू शकतं, याचा तोवर कुणाकडेही इतका थेट पुरावा नव्हता.

केबल तेव्हाही मोजमापाचं साधन ठरली, पण त्यासाठी तिला तुटावं लागलं. आज रस्त्याखालून आणि समुद्राखालून गेलेली काचेच्या तंतूंची केबल धडधाकट असताना जमिनीची हालचाल सांगू शकते. त्यासाठी वेगळी तार टाकावी लागत नाही, वाटेत कुठे वीज द्यावी लागत नाही. गेल्या दशकातल्या संवेदन-तंत्रज्ञानाकडे पाहताना नव्या, छोट्या, हुशार उपकरणांचंच कौतुक जास्त होतं. मला मात्र त्या काळातली सगळ्यात मोठी झेप या आधीच गाडलेल्या काचेत दिसते.

तिचं महत्त्व कळायला समुद्राचा विचार करावा लागतो. पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग पाण्याखाली आहे, आणि भूकंपमापक जवळजवळ सगळे जमिनीवर. जपाननं २०११ च्या त्सुनामीनंतर ‘एस-नेट’ नावाचं जाळं समुद्रतळावर पसरलं. त्यात १५० निरीक्षण केंद्रं आणि ती जोडणारी सुमारे साडेपाच हजार किलोमीटर केबल आहे. असं काम फार थोड्या देशांना परवडतं. उलट, इंटरनेट वाहून नेणाऱ्या समुद्री केबली जगभरात १४ लाख किलोमीटरांच्या आसपास आधीच पडलेल्या आहेत.

परत येणारा उजेड

ऑप्टिकल फायबर म्हणजे अतिशुद्ध काचेचा तंतू. बाहेरून त्याचा व्यास १२५ मायक्रॉन, आणि प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशावरून दूरवर संदेश पाठवता येतील, हे १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी मांडलं. त्यासाठी त्यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत पहिला कामाचा तंतू तयार झाला. त्यात किलोमीटरभर गेल्यावर शंभरातले जेमतेम दोन भाग प्रकाश उरत असे आणि त्या काळी हेही मोठं यश होतं. आजच्या तंतूत तेवढ्याच अंतरानंतर पंचाण्णव टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक असतो.

जो थोडा वाया जातो त्यातल्या बहुतेकाचं कारण एकच आहे, आणि ते दूर करता येत नाही. वितळलेली काच थिजते तेव्हा तिच्या घनतेतले अतिसूक्ष्म चढउतारही तसेच थिजून राहतात. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो. आभाळ निळं का दिसतं हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये सांगितलं, ते प्रकाशाच्या याच विखुरण्याच्या आधारे. काचेत विखुरलेल्या या प्रकाशाचा एक क्षीण अंश उलट फिरतो आणि जिथून सोडला त्या टोकाकडे परत येतो.

संदेश पाठवणाऱ्यांच्या लेखी हा निव्वळ तोटा होता. त्याचा उपयोग करत होता तो लाइनवरचा तंत्रज्ञ. केबल तुटली की तो ओटीडीआर नावाचं यंत्र तिच्या टोकाला लावतो. हे यंत्र प्रकाशाचा छोटा स्पंद सोडतं आणि परतणारा उजेड किती वेळानं येतो ते पाहतं. दरीत हाक मारून, प्रतिध्वनी किती वेळात आला त्यावरून समोरचा कडा किती लांब असेल हे जोखावं, तसाच हा हिशेब. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून वेळ कळली की जागा कळते. ज्या अंतरापुढून उजेड येतच नाही तिथे केबल तुटलेली असते, आणि खोदकाम करणारी माणसं नेमक्या त्या ठिकाणी पाठवता येतात.

संशोधकांनी याच उजेडाकडे आणखी बारकाईनं पाहिलं. लेसर पुरेसा स्थिर असेल तर परतलेल्या लहरीची कलाही मोजता येते, म्हणजे ती लहर आपल्या चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं. जमीन हलली की तिच्यात गाडलेला तंतू त्या ठिकाणी किंचित ताणतो किंवा आखडतो, आणि तिथून येणाऱ्या लहरीची कला बदलते. दहा मीटरच्या तुकड्याची लांबी दहा नॅनोमीटरनं, म्हणजे एक अब्जांशानं, बदलली तरी ते कळू शकतं. इंटरॉगेटर नावाची एक पेटी केबलीच्या एका टोकाला जोडायची, तिनं सेकंदाला शेकडो स्पंद सोडायचे, आणि दर काही मीटरांवर एक भूकंपमापक असल्यासारखी नोंद घ्यायची. या पद्धतीचं नाव डिस्ट्रिब्यूटेड अकूस्टिक सेन्सिंग. इथून पुढे आपण तिला डीएएस म्हणू.

पोहोच मात्र मर्यादित आहे. १०० किलोमीटरवरून परतणारा प्रकाश जाता-येता २०० किलोमीटर काच ओलांडतो आणि त्यात त्याचा दहा हजारांतला एकच भाग उरतो. शिवाय एका स्पंदाचा उजेड पुरता परत आल्याखेरीज दुसरा सोडता येत नाही. तेवढ्या लांबीला एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला हजार स्पंद ही वरची हद्द. साध्या डीएएसची मजल शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अडते ती यामुळे.

इथे चंद्रशेखर वेंकट रामन यांची आठवण येणं साहजिक आहे. कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना जो परिणाम दिसला, त्यात विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग आपली तरंगलांबी बदलून येतो. फायबरमधून परतणाऱ्या उजेडातही हा भाग असतो आणि त्याच्या दोन छटांमधलं प्रमाण तापमानानुसार बदलतं. त्यावरून केबलीच्या संपूर्ण लांबीवर कुठे किती ऊब आहे हे मोजता येतं. बोगद्यांत आग ओळखण्यासाठी आणि भूमिगत वीजवाहिन्या कुठे तापताहेत हे पाहण्यासाठी ही पद्धत अनेक वर्षं वापरात आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या भाषणांत रामन परिणाम बहुधा समुद्राच्या निळाईपाशी सुरू होऊन तिथेच संपतो. विद्यार्थ्यांना बोगद्यातली ही तारही दाखवायला हवी.

भूकंप, देवमासे आणि वादळं

डीएएसचा पहिला मोठा वापर तेल आणि वायूच्या विहिरींत झाला. खोल विहिरीत उष्णता आणि दाब इतका असतो की इलेक्ट्रॉनिक यंत्रं फार काळ टिकत नाहीत, काच टिकते. भूकंपशास्त्रज्ञ तिच्याकडे वळले ते त्यानंतर. २०१८ मध्ये आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर १५ किलोमीटर लांबीच्या दूरसंचार केबलीनं भूकंप टिपले आणि जमिनीतले आधी नकाशावर नसलेले भेगांचे पट्टेही दाखवले, असं संशोधकांनी प्रसिद्ध केलं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात एक छोटी संधी चालून आली. तिथे समुद्रतळावरच्या वैज्ञानिक उपकरणांसाठी टाकलेली केबल देखभालीसाठी चार दिवस बंद राहणार होती. संशोधकांनी त्या चार दिवसांत तिच्या २० किलोमीटर भागाला इंटरॉगेटर जोडला. सुमारे दहा हजार संवेदक समुद्राखाली मांडल्यासारखं झालं. दरम्यान गिलरॉय गावाजवळ ३.४ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या लहरी तळावरून सरकत जाताना कुठे थबकल्या, कुठे विखुरल्या ते दर काही मीटरांवर नोंदलं गेलं, आणि त्यातून तळाखालचे पूर्वी माहीत नसलेले प्रस्तरभंग समोर आले. लाटांचा दाब आणि भरती-ओहोटीबरोबरची वाळूची हालचालही त्याच नोंदीत होती. इतक्या थोड्या दिवसांत एवढी माहिती हाती येते हे दिसल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा वापरात नसलेल्या तंतूंची, म्हणजे डार्क फायबरची, विचारपूस करू लागल्या.

नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डमध्ये, लाँगियरबायन आणि न्यू-ऑलेसुन यांच्यामधल्या केबलीच्या १२० किलोमीटरांवर २०२० च्या उन्हाळ्यात देवमाशांचे आवाज ऐकू आले. पाण्यात सोडलेला एकच ध्वनिग्राहक ‘देवमासा जवळ आहे’ एवढंच सांगतो. केबलीवर तोच आवाज शेकडो ठिकाणी वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो, म्हणून प्राणी कुठे आहे आणि कुणीकडे चालला आहे हेही काढता येतं. त्याच केबलीनं जहाजं टिपली, भूकंप टिपले आणि हजारो किलोमीटर दूरच्या वादळांनी उठवलेल्या लाटाही टिपल्या. आर्क्टिकमधला बर्फ वितळून जहाजांची वर्दळ वाढत असताना देवमासा कुठे आहे हे त्याच वेळी कळणं मोलाचं आहे. जहाजाचा वेग किंवा मार्ग बदलायला तेवढा अवधी मिळू शकतो.

ग्रिंडाविक

या तंत्रानं माणसांच्या जगण्याशी थेट गाठ घातली ती आइसलँडमध्येच. ग्रिंडाविक हे रेक्यानेस द्वीपकल्पावरचं, २०२३ पर्यंत सुमारे ३,८०० वस्ती असलेलं मासेमारीचं गाव. जवळच भूगर्भातल्या उष्णतेवर चालणारं वीजकेंद्र आणि पर्यटकांचं ब्लू लगून. आठशे वर्षांच्या शांततेनंतर हा भाग २०२१ मध्ये जागा झाला. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री गावाखाली शिलारस घुसतो आहे अशी चिन्हं दिसली आणि सगळं गाव रिकामं करण्यात आलं. १८ डिसेंबरला गावाच्या उत्तरेला जमीन फाटून लाव्हा बाहेर आला. त्यानंतर हे पुन्हा पुन्हा घडत राहिलं.

शिलारस जमिनीच्या भेगेत शिरतो तेव्हा आजूबाजूचे खडक बाजूला ढकलले जातात. उपग्रहांवरून आणि जीपीएसच्या खांबांवरून हे दिसतं, पण उपग्रह काही दिवसांनी पुन्हा डोक्यावर येतो आणि जीपीएसची अचूकता मिनिटामिनिटाला पुरत नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या संशोधकांनी आइसलँडमधल्या सहकाऱ्यांबरोबर नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सुमारे १०० किलोमीटर दूरसंचार फायबरला इंटरॉगेटर जोडला. भूकंपाचे जलद धक्के वगळून त्यांनी तंतूचा अगदी संथ ताण पाहिला. जमीन फाकताना केबलीचा कुठला भाग ताणतो आणि कुठला आवळला जातो, याचं चित्र त्यांना मिनिटागणिक मिळू लागलं.

हे काम ‘सायन्स’मध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालं. त्यात शिलारस घुसण्याच्या नऊ घटना आहेत. त्यांपैकी सहांमध्ये लाव्हा पृष्ठभागावर आला. पुढच्या उद्रेकांसाठी त्यांनी या ताणावरून आपोआप इशारा देणारी व्यवस्था बसवली, आणि लाव्हा फुटण्याआधी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळू शकतो हे दिसलं. अर्धा तास ऐकायला थोडा वाटेल. ग्रिंडाविकमध्ये घरातलं सामान हलवायला, जनावरं बघायला किंवा वीजकेंद्रात कामाला आलेल्या माणसाला गाडीत बसून गावाबाहेर पडायला तो पुरेसा आहे. संवेदनाच्या क्षेत्रात नेमकेपणाची चर्चा फार होते. मला इथे वेळेचं मोल जास्त वाटतं. इशारा योग्य माणसाच्या हाती योग्य वेळी पडला तरच नॅनोमीटरपर्यंतची अचूकता कामाची.

महासागरापार

शंभर किलोमीटरची मर्यादा जमिनीवर फारशी अडत नाही, महासागरात अडते. लांब पल्ल्याच्या समुद्री केबलींत साधारण साठ ते शंभर किलोमीटरांवर प्रवर्धक असतात. ते क्षीण झालेला प्रकाश वाढवून पुढे पाठवतात, पण उलट दिशेनं येणारा उजेड अडवतात, म्हणून साध्या डीएएसला पहिल्या प्रवर्धकापुढचं काही दिसत नाही.

यावर वेगवेगळे मार्ग निघाले. २०१८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले ज्युसेप्पे मारा आणि त्यांचे सहकारी यांनी अतिस्थिर लेसर वापरून माल्टा आणि सिसिली यांच्यामधल्या समुद्री केबलीवरही भूकंप ओळखता येतो हे दाखवलं. २०२१ मध्ये कॅलटेकच्या झोंगवेन झान यांच्या चमूनं गूगलच्या ‘क्युरी’ केबलीवर, लॉस एंजेलिस ते चिलीतलं वालपाराइसो अशा सुमारे १०,००० किलोमीटरांवर, आणखी साधा उपाय केला. केबलीतून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनांची दिशा, संदेश वाचणारी यंत्रं एरवीही मोजत असतात. नाहीतर संदेश उलगडत नाही. झान यांनी तीच नोंद मागून घेतली आणि जानेवारी २०२० मध्ये जमैकाजवळ झालेला ७.७ तीव्रतेचा भूकंप तिच्यात सापडला. कुठलंही नवं यंत्र बसवलं नव्हतं. मात्र एवढ्या लांबीवर नेमकं कुठे हललं हे त्यातून चटकन कळत नाही.

२०२२ मध्ये मारा यांच्या चमूनं त्यावर तोड काढली. प्रत्येक प्रवर्धकापाशी देखभालीसाठी ठेवलेला परतीचा मार्ग वापरून त्यांनी इंग्लंड ते कॅनडा या ५,८६० किलोमीटरांच्या केबलीचे वेगवेगळे टप्पे केले आणि प्रत्येक टप्पा स्वतंत्र संवेदक बनवला. त्यानंतर नोकिया बेल लॅब्जच्या संशोधकांनी कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्यामधल्या सुमारे ४,४०० किलोमीटरांच्या केबलीवर याच मार्गानं डीएएसच्या जवळ जाणारी बारीक नोंद मिळवली. जुलै २०२५ मध्ये रशियातल्या कामचात्कापाशी झालेला ८.८ तीव्रतेचा भूकंप त्यात उमटला.

हत्तीची चाहूल

भारतात या तंत्राचा सगळ्यात ओळखीचा उपयोग भूकंपासाठी झालेला नाही. ईशान्य सीमा रेल्वेचे मार्ग उत्तर बंगाल आणि आसाममधल्या हत्तींच्या वाटा ओलांडतात आणि रात्री धावणाऱ्या गाड्यांखाली हत्ती मरत आले आहेत. मधमाश्यांच्या गुंजारवाचा आवाज, वेगमर्यादा, गस्त असे उपाय आधीपासून होते. २०२२ च्या अखेरीपासून अलीपुरदुआर विभागातल्या चालसा–हासीमारा आणि लुमडिंग विभागातल्या लंका–हवाईपूर या भागांत रेल्वेनं डीएएसवर चालणारी घुसखोरी-सूचक यंत्रणा बसवली. ‘गजराज’ या नावानं ती ओळखली जाऊ लागली.

रुळांच्या कडेनं गाडलेल्या फायबरमध्ये हत्तीच्या पावलांची कंपनं उमटतात. माणसाचं, गुरांचं आणि हत्तीचं चालणं कंपनांत वेगवेगळं दिसतं, आणि ते ओळखायला संगणकाला शिकवलेलं असतं. हत्ती रुळांपाशी आला की इशारा स्टेशनमास्तर, नियंत्रण कक्ष आणि गाडीचा लोको पायलट यांच्यापर्यंत जातो. ड्रोन किंवा कॅमेऱ्याला धुकं, अंधार, दाट झाडी अडवते. जमिनीतल्या तंतूला ती अडवत नाही. माझ्या मते या तंत्राचा हा सगळ्यात मनाला भिडणारा वापर आहे. जमिनीतली कंपनं हत्ती स्वतःही पायांनी ओळखतो. इथे रेल्वे त्याची चाहूल त्याच वाटेनं घेते.

पण यंत्रणा जिथे आहे तिथेच ऐकते. डिसेंबर २०२५ मध्ये आसाममधल्या होजाई जिल्ह्यात राजधानी एक्स्प्रेसनं हत्तींच्या कळपाला धडक दिली. ती जागा हत्तींचा मार्ग म्हणून नोंदलेली नव्हती. हत्ती आपल्या वाटा बदलतात. जंगल तुटलं, शेत बदललं, पाणी आटलं की ते नव्या जागी रूळ ओलांडतात. म्हणून यंत्रणेची लांबी वाढवण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते वनखात्याकडची माहिती दर हंगामात रेल्वेच्या नकाशावर उतरणं.

ऐकायचं कुणी?

या सगळ्यात अडचणी नाहीत असं नाही. पहिली विदेची. दहा हजार ठिकाणांची, सेकंदाला पाचशे नोंदींच्या हिशेबानं विदा ठेवली तर दिवसाला पावणेदोन टेराबाइट होतात. ती साठवणंच जड, चाळणं त्याहून जड. म्हणून कुठली नोंद ठेवायची आणि कुठली जागेवरच टाकून द्यायची हे ठरवणारे अल्गोरिदम आज या क्षेत्रात भौतिकशास्त्राइतकेच महत्त्वाचे झाले आहेत.

दुसरी अडचण केबल कुठे आहे हीच. दूरसंचार कंपनीच्या नकाशावर ती सरळ रेघ असते. प्रत्यक्षात प्रत्येक चेंबरमध्ये जादा तंतूची वेटोळी ठेवलेली असतात, कुठे पाइपात ती सैल पडलेली असते, कुठे पुलावरून लोंबत असते. म्हणून संशोधक केबलीच्या वाटेनं फिरतात, ठरावीक ठिकाणी जमिनीवर हातोडा मारतात आणि तो ठोका नोंदीत कितव्या मीटरवर आला ते लिहून ठेवतात. शिवाय तंतू आपल्या लांबीच्या दिशेचा ताणच नीट पकडतो. आडवा आलेला धक्का त्याला पुसट जाणवतो.

तिसरी अडचण मला सगळ्यांत गंभीर वाटते. १ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या पासाडिना शहराच्या रस्त्याखालच्या फायबरनं तिथल्या प्रसिद्ध रोझ परेडमधले चित्ररथ आणि तालात चालणारी बँडपथकं टिपली. प्रयोग निरुपद्रवी होता, पण त्यातून दिसलं ते असं की रस्त्याखालची केबल वर काय चाललं आहे हे सांगू शकते. तंतू उघड्यावर आणि जवळ असेल तर माणसाचं बोलणंही त्यात उमटू शकतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. मीटरभर खोल गाडलेल्या केबलीत ते फार कठीण. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ओळख पटू शकेल अशा माणसाच्या माहितीचा विचार करतो. एका गल्लीच्या पावलांची नोंद कुणाची, ती किती दिवस ठेवायची आणि पोलिसांनी मागितली तर द्यायची का, हे प्रश्न त्या चौकटीत नीट बसत नाहीत. समुद्रात हाच प्रश्न नौदलाचा होतो, कारण देवमासा ऐकणारी केबल पाणबुडीही ऐकू शकते. अमेरिका आणि कॅनडात समुद्रतळावरच्या संशोधन-उपकरणांची काही विदा प्रसिद्ध होण्याआधी नौदल तपासतं. हे नियम केबली ऐकायला लागण्यापूर्वी आणि उघडपणे ठरले पाहिजेत. नंतर ठरवणं अवघड जातं, हे शहरांतल्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत आपण पाहिलं आहे.

तरीही ऐकायला सुरुवात करायला हवी, आणि आपल्याकडे त्याचं कारण जवळचं आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्यालगत, आजच्या पाकिस्तानात, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची त्सुनामी काही तासांनी मुंबईपर्यंत आली आणि मुंबईतही माणसं बळी गेली. आज त्याच अरबी समुद्राच्या तळावरून मुंबईला जगाशी जोडणाऱ्या अनेक केबली जातात आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. पूर्वेला चेन्नई आणि अंदमान-निकोबारला जोडणारी, ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली सुमारे २,३०० किलोमीटरांची केबल आहे. ती जिथे पोहोचते तो भाग २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात हादरलेला. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करतं आहे. त्याला समुद्राच्या तळावरच्या या नोंदी मिळाल्या तर इशाऱ्यातली काही मिनिटं वाचतील. पोर्तुगालनं मुख्य भूमी, अझोरिस आणि मदेरा यांना जोडणाऱ्या नव्या केबलीत भूकंप आणि पाण्याचा दाब मोजणारे संवेदक आराखड्यातच धरले आहेत. जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीनं टोंगाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली आणि तो देश कित्येक आठवडे बाकीच्या जगापासून जवळजवळ तुटला, त्यानंतर प्रशांत महासागरातली बेटंही असाच विचार करू लागली आहेत.

महाराष्ट्रात कोयनेला १९६७ पासून भूकंपांचा अभ्यास होतो आहे, आणि कराडच्या प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली तिथे तीन किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं आहे. पण डीएएसची पहिली चाचणी मी पालघर जिल्ह्यात घेतली असती. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरातली माणसं कित्येक रात्री घराबाहेर तंबूत झोपली. बहुतेक धक्के फार लहान आणि फार उथळ होते. दूरदूरच्या भूकंपमापकांना त्यांची नेमकी जागा सांगणं कठीण जातं. ते जमिनीत मुरणाऱ्या पाण्यामुळे होतात का, पावसाळ्याशी त्यांचा संबंध किती, याबद्दल अभ्यासकांत चर्चा आहे. मुंबई–अहमदाबाद रेल्वेमार्ग डहाणू रोडवरून जातो आणि रेल्वेमार्गांच्या कडेनं दूरसंचाराचं फायबर असतं. जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिजक्रेस्टच्या मोठ्या भूकंपानंतर अवघ्या काही दिवसांत तिथल्या डार्क फायबरला इंटरॉगेटर जोडून नंतरचे छोटे धक्के मोजले गेले. पालघरला तसंच करता येईल. गाड्यांचा थरथराट सुरुवातीला त्रासदायक वाटेल. पण त्याच कंपनांवरून जमिनीच्या वरच्या थरांची घडण काढण्याच्या पद्धती आता उपलब्ध आहेत. एक रिकामा तंतू, एक पेटी आणि रेल्वेची परवानगी एवढ्यावर मे महिन्यात एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी अशी मोजणी झाली, तर पावसाचं पाणी मुरल्यावर खालच्या खडकातून लहरी जाण्याचा वेग बदलतो का, हे प्रत्यक्ष तपासून पाहता येईल.